भायल्यांच्या घरातून पॉप सिंगर व्हायचं असेल तर

गोव्यात गाऊन स्टेजवरून खाली उतरलं की पहिला प्रश्न येतो, "तुमी खंयचे?", म्हणजे तुम्ही कुठले? माझे बाबा चंदगडहून वास्कोला आले, मी इथेच जन्मले, शाळेत कोंकणी, घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि कन्नड, तरी या प्रश्नाला उत्तर देताना बरीच वर्षं जीभ अडायची. ज्यांच्या घरात गाण्यातलं कुणीच नाही, आईबाप बाहेरून आलेत (इथे आपल्याला भायले म्हणतात), भाड्याची खोली आहे, आणि तरी पॉपच गायचंय, त्या पोरापोरींसाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी घरातला आवाज मोबाईलवर पकडून ठेवा. आई काय गुणगुणते, आजी काय म्हणायची, सगळं. आपल्यातली बरीच मुलं हेच लपवतात आणि कुठल्यातरी परक्या अ‍ॅक्सेंटमध्ये इंग्लिश गायला जातात, तसं गाणारे इथे आपल्यापेक्षा चांगले आहेत, त्यांच्या घरात तीन पिढ्या गिटार आहे. माझ्या आईच्या ओवीत शेवटचा चरण तोकडा पडायचा, चारच्या बीटवर बसवायला गेले की जागा रिकामी राहायची, आणि एक महिना डोकं खाल्ल्यावर कळलं की तीच जागा सोन्याची आहे, तिथे घुमट हे गोव्याचं मातीचं वाद्य वाजवलं आणि हुक, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी, डोक्यात बसणारी ओळ, तयार झाला. (घुमटाला २०१९ मध्ये गोवा सरकारने वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंय, आणि ते वाजवणारी चांगली पोरं गावागावात आहेत, जाऊन विचारा, आनंदाने येतात.) हुक घरच्या भाषेत ठेवा, शब्द थोडेच, बाकी कडवं कोंकणीत किंवा हिंदीत चालतं.

नाव बदलायचं का, हे पण खूप जण विचारतात. क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचं मूळ नाव फारूख बुलसारा, पारशी घर, जन्म झांझिबारचा, शाळा आपल्या पाचगणीला, पहिला बँडसुद्धा तिथेच, आणि १९६४ च्या क्रांतीनंतर घरचे सगळे इंग्लंडला गेले. त्याने नाव बदललं. पॉप गायिका दुआ लिपा लंडनला जन्मली, आईवडील कोसोव्होचे अल्बेनियन, मधे घरचे परत प्रिश्टिनाला गेले, तर ही पंधराव्या वर्षी एकटी लंडनला आली, यूट्यूबवर दुसऱ्यांची गाणी गाऊन टाकत राहिली, आणि नाव जसंच्या तसं ठेवलं. २०१८ मध्ये तर वडिलांबरोबर प्रिश्टिनात स्वतःचं म्युझिक फेस्टिव्हल सुरू केलं. म्हणजे दोन्ही चालतं, माझं मत विचाराल तर ठेवावं. जे ठरवाल त्याचं स्पेलिंग मात्र यूट्यूब, स्पॉटिफाय, इन्स्टा सगळीकडे एकच असू दे, आणि बँक खात्यावर पॅनवरचंच नाव हवं.

रेकॉर्डिंगला मोठा स्टुडिओ लागत नाही. पत्र्याच्या खोलीत, बाहेर टँकर आणि कुत्री, अशा ठिकाणी महागडा कंडेन्सर माईक सगळा कालवा पकडतो, साधा डायनॅमिक माईक घ्या, कपाटातल्या कपड्यांकडे तोंड करून रात्री उशिरा गा. आवाजाची लेव्हल उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू दे आणि २४ बिटच्या वेव्ह फाइली स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा.

आता कागद. इथे मी पोळलेय म्हणून जरा जास्त बोलते. माझं पहिलं गाणं एका ओळखीच्याने केलं, आपला माणूस म्हणून काहीच लिहून घेतलं नाही, नंतर मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम मूळ फाइल, त्याच्याकडेच राहिली आणि मी दोन वर्षं स्वतःचंच गाणं मागत फिरले. गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात, एक शब्द आणि चाल, दुसरी रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग करवून घेण्याचा खर्च आणि जबाबदारी ज्याची, मालकी साधारण त्याची होते, म्हणून पाच हजार दिले तरी पावती घ्या आणि एका कागदावर लिहा की शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, मास्टर कुणाचा, आणि सगळ्यांच्या सह्या. कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडताच येत नाही, तेव्हा कुणी "सगळे हक्क कायमचे" असा कागद पुढे केला तर सही न करता घरी आणा, शांतपणे वाचा. स्वतः लिहीत किंवा चाली बांधत असाल तर आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, मेंबर व्हा.

रिलीजच्या निदान ७ दिवस आधी स्पॉटिफायला प्लेलिस्टसाठी गाणं सुचवता येतं, मी ३-४ आठवडे आधीच अपलोड करते. तिथून लगेच पैसे येतील असं घरी सांगू नका, वर्षात १००० स्ट्रीम झाल्याशिवाय एका गाण्याचा हिशेबच सुरू होत नाही.

पैसे येतात ते शोमधून. ऑक्टोबर ते मार्च किनाऱ्यावरचे शॅक, हॉटेलं, लग्नं, मायनस वनवर (गायकाचा आवाज काढलेल्या ट्रॅकवर) दोन-तीन तास गायची तयारी हवी, हिंदी, इंग्लिश, कोंकणी, मराठी सगळं. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, म्हणून आपली स्वतःची दोन गाणी साडेआठ-नऊला घ्या, शेवटासाठी राखून ठेवू नका. अर्धे पैसे आधी, उरलेले वायरी गुंडाळण्याआधी.

घरच्यांचं सांगते. बाबांना पगार कळतो, स्ट्रीम कळत नाहीत, आणि ते चुकीचे नाहीत, गाव सोडून आलेल्या माणसाला महिन्याचा आकडा लागतो. मी पहिले दोन सीझन दुकानातली नोकरी सोडली नाही, वहीत प्रत्येक शोचा जमाखर्च लिहिला, दर शोनंतर ठरलेली रक्कम आईच्या हातात दिली, आणि एकदा बाबांना शोला नेऊन पुढच्या टेबलावर बसवलं. तेव्हापासून ते स्वतःच विचारतात की पुढचा शो कधी.

पावसात कामं बंद असतात, जून-जुलै लिहायला आणि रेकॉर्डिंगला वापरा, आणि गाणं चवथीच्या दोन आठवडे आधी सोडा, कारण चवथीला आपली अर्धी माणसं चंदगड, सावंतवाडी, बेळगावच्या बसमध्ये असतात, हातात मोबाईल आणि तासन्‌तासांचा प्रवास.