गल्फला किंवा बोटीवर जाताय? पैसे देण्याआधी मोबाईलवर काय काय तपासायचं

खेड, दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन, आपल्या या पट्ट्यातली किती घरं कुवेत-सौदी-दुबईच्या पगारावर उभी आहेत ते कोणाला सांगायला नको. पण जायची पद्धत आता पार बदलली. सौदीने मे 2023 पासून आपल्याकडच्या पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लावणं बंद केलं, आता क्यूआर कोडवाला साधा कागद येतो. म्हणजे खरा व्हिसा त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तुमच्या हातात फक्त त्याची प्रिंट, आणि तसली प्रिंट कोणीही घरी बसून बनवू शकतो. म्हणून एजंटने व्हॉट्सॅपवर पीडीएफ टाकली की पेढे वाटू नका, आधी त्या देशाच्या सरकारी साईटवर जाऊन नंबर टाकून बघा. सौदीचा त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या व्हिसा साईटवर दिसतो, दुबईचा तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या म्हणजे जीडीआरएफएच्या साईटवर, अबुधाबी-शारजाचा युएईच्या केंद्रीय खात्याच्या म्हणजे आयसीपीच्या साईटवर. तिथे दिसला नाही तर एक रुपया देऊ नका, एजंट कितीही ओळखीतला असू दे.

पण सुरुवात त्याच्याही आधी, एजंटपासूनच करायची. ई-मायग्रेट नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, ऑक्टोबर 2024 मध्ये त्याचं नवीन व्हर्जन आलं, मोबाईल ॲपपण आहे. त्यात रिक्रूटिंग एजंटांची यादी आहे, लायसन्स चालू, बंद की सस्पेंड ते दिसतं. नाव नुसतं जुळून चालत नाही, पत्ता आणि लायसन्स नंबरपण जुळला पाहिजे, कारण मुंबईतल्या खऱ्या कंपनीचं नाव लावून गावात पैसे गोळा करणारे सबएजंट भरपूर फिरतात आणि सबएजंटला कायद्यात जागाच नाही. लायसन्सवाल्यालाही सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख मागतोय आणि पावती नको म्हणतोय तर उत्तर तिथेच मिळालं. स्वतःला जमत नसेल तर सीएससी सेंटरवर जा, ई-मायग्रेटचं काम आता तिथेही होतं.

मग पासपोर्ट उघडून ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते) छापलंय का बघा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ते असतं. ईसीआरवाल्याला गल्फचे सगळे देश धरून 18 देशांत नोकरीला जायचं तर पीओईचा (प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याचा) क्लिअरन्स लागतो आणि तो ई-मायग्रेटवरूनच होतो, बाईमाणूस असेल तर वय किमान 30 पाहिजे. दहावीचं सर्टिफिकेट घरात असून ईसीआर तसाच राहिला असेल तर आधी पासपोर्ट बदलून घ्या.

इथेच ती जुनी युक्ती येते, "व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे नोकरीच्या व्हिसात कन्व्हर्ट करू". करू नका, प्लीज. व्हिजिटवर गेलात की सरकारच्या नोंदीत तुम्ही कामगार नसताच, तुमचं काँट्रॅक्ट कुठेच नसतं आणि प्रवासी भारतीय बीमा योजनापण नसते. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375, आणि अपघाताने मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख. घरच्यांसाठी केवढा आधार आहे तो, आणि तो विमानतळावरची अर्ध्या तासाची कटकट वाचवायला घालवायचा?

आता नावाचं बघू, कारण आपल्याकडे यात फार घोळ आहे. शाळेच्या दाखल्यात एक स्पेलिंग, आधारला दुसरं, पासपोर्टवर तिसरंच, कुठे वडलांचं नाव मध्ये घुसलेलं तर कुठे आडनावाचा रकाना कोरा. पूर्वी काउंटरवरचा माणूस समजून घ्यायचा, सिस्टीम नाही घेत. युएईने नोव्हेंबर 2022 पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसावाल्यांना आत घ्यायचं बंद केलं. गल्फसाठीच्या मेडिकलची अपॉइंटमेंटही आता वाफिद नावाच्या साईटवर ऑनलाइन घ्यावी लागते (जुने लोक अजून गामका म्हणतात), तिथे पासपोर्ट नंबर चुकला तर रिपोर्ट व्हिसाला लागतच नाही. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी सबमिटच्या आधी स्वतः एकेक अक्षर वाचा.

काँट्रॅक्ट पण ऑनलाइन झालंय. युएईच्या ऑफर लेटरला अरबी आणि इंग्रजीसोबत तुम्हाला समजणारी तिसरी भाषा मागता येते, त्यात हिंदी आणि उर्दू आहे, मराठी नाही. सही करण्याआधी ती मागा. सौदीत काँट्रॅक्ट 'किवा' (Qiwa) नावाच्या सरकारी प्लॅटफॉर्मवर चढतं आणि तुम्ही स्वतः ते मान्य करायचं असतं, म्हणून लॉगिन आणि ओटीपीचा नंबर तुमच्याच हातात ठेवा, मुदीरच्या (तिथल्या मॅनेजरच्या) नको. इथे दाखवलेला पगार आणि तिथे चढलेला पगार वेगळा असेल तर मान्य करायच्या आधीच बोला, नंतर फार जड जातं.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: कंपनीचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स, डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या खात्याच्या साईटवर बघा. खलाशाकडून नोकरी लावायचे पैसे घेताच येत नाहीत, तेव्हा "जॉइनिंगचे चार लाख" म्हणणारा माणूस सरळ फसवतोय.

युरोपचंही हल्ली कानावर येतं, टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिकडे असायलम, म्हणजे आश्रयाचा अर्ज, टाक म्हणे. असायलम हा जीव वाचवायला पळालेल्या माणसाचा हक्क आहे, नोकरीचा शॉर्टकट नाही. तिथे युरोडॅक म्हणून बोटांच्या ठशांचा डेटाबेस 2003 पासून चालू आहे, एका देशात ठसा दिला की दुसऱ्या देशात लगेच कळतं, आणि ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या) बॉर्डरवर चेहरा आणि ठसे घेऊन येण्याजाण्याची नोंद सुरू झालीये, मुदत कधी संपली ते सिस्टीमच सांगते. खऱ्या निर्वासितांनाही हे सोपं नाही, जर्मनीत त्यांचे फोन उघडून वाचायचे, शेवटी 2023 मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की सुरुवातीलाच सरसकट असं करणं बेकायदा आहे. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं, माणूस बोलण्याआधी त्याचा फोन बोलतो.

कुवेतवाल्यांनो, तिथे बायोमेट्रिक सक्तीचं झालंय, परदेशी लोकांना 31 डिसेंबर 2024 ची मुदत होती आणि न देणाऱ्यांचे बँक व्यवहार अडवले. नवीन जाणाऱ्याने हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावं.

सौदीत हुरूबची भीती खरी आहे, मालकाने ऑनलाइन पळून गेल्याची नोंद टाकली की तुम्ही कामावर असलात तरी रेकॉर्डवर फरार ठरू शकता. म्हणून अबशेर या सौदी सरकारच्या ॲपवर स्वतःचं स्टेटस अधूनमधून बघत जा, आणि हजेरीचे फोटो, पगाराचे मेसेज, मुकादमाशी झालेलं चॅट डिलीट करू नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी पासपोर्ट, व्हिसा, काँट्रॅक्ट, विमा आणि एजंटची पावती यांचे फोटो घरी दोन फोनमध्ये टाका, एक बायकोच्या आणि एक शिकलेल्या भाच्या-पुतण्याच्या. तिकडे काही झालं तर घरचे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकू शकतात, त्याला पासपोर्ट नंबर आणि मालकाचा पत्ता लागतो. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर 1800113090, हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा.