ठेकेदारांनो, थकलेल्या बिलाची मुदत संपली? आता तरी या चुका टाळा

काम संपतं, फायनल बिल जातं आणि पार्टी म्हणते, "दिवाळीनंतर बघू." अशा तीन दिवाळ्या गेल्या की आपण वकिलाकडे जातो. तो रक्कम नंतर विचारतो, आधी तारीख विचारतो.

अमेरिकेत ठेकेदार थकलेल्या पैशांसाठी त्या इमारतीवरच लीन (थकबाकीपोटी मालमत्तेवरचा हक्क) नोंदवू शकतो, अर्थात ठरलेल्या मुदतीत. आपल्याकडे बांधलेल्या घरावर तसा हक्क नाही. आपल्याला असतो तो फक्त दावा, आणि त्याला तीन वर्षं.

ही तीन वर्षं शेवटच्या फोनपासून मोजणं ही सगळ्यात महागडी चूक. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर मुदत काम पूर्ण झाल्यापासून धावते. चकरा, व्हॉट्सअॅपवरचे आपले मेसेज, वकिलाची साधी नोटीस, यांपैकी कशानेही ती थांबत नाही. करारात लवादाचं (कोर्टाबाहेर पंचाकडून निवाड्याचं) कलम असेल, तर मात्र लवाद मागणारी नोटीस समोरच्याला मिळाली की कार्यवाही सुरू झाली असं धरतात. उशीर माफ करून घेण्याची सोय अपिलाला असते, दाव्याला नाही. आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला तो बघावाच लागतो.

एका बंगल्याच्या प्लास्टरचे माझे ऐंशी हजार असेच गेले. मालक अधूनमधून पाच-दहा हजार रोख द्यायचा, मी डायरीत तारखेसह लिहायचो. अक्षर माझं, डायरी माझी, त्याची सही एकाही नोंदीवर नाही. मुदत कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदतीच्या आत थोडे पैसे आले तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात, पण त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी हवी. कलम १८ तर याहून सोपं आहे. मुदत संपण्याआधी त्याने सहीनिशी देणं मान्य केलं की झालं. आकडा नसला तरी चालतो. "बाकी आहे, पण आत्ता देणार नाही," असं लिहिलं तरी चालतं!

मुदत टळल्यावर मात्र हाच कागद कुचकामी, आणि इथेच बरेच जण फसतात. धावत जाऊन "बाकी मान्य" अशी सही आणतात. तेव्हा लागतं ते वचन. करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन हा नवा करार ठरतो. म्हणून मजकुरात "देईन" हा शब्द हवाच: "अमुक कामाची इतकी रक्कम बाकी आहे, ती मी अमुक तारखेपर्यंत देईन." दावा बुडाला तरी देणं बुडालेलं नसतं, म्हणून हे शक्य होतं.

त्याच पार्टीचं दुसरं काम चालू असेल तर करार कायद्याचं कलम ६० लक्षात ठेवा. पैसे कुठल्या बिलाचे हे देणाऱ्याने सांगितलं नाही, परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर ते जुन्या मुदतबाह्य बाकीत वळते करता येतात. जमा केल्याचं त्याला लगेच लेखी कळवा. यूपीआयच्या नोटमध्ये त्याने "नवीन स्लॅब" लिहिलं असेल, तर विषय संपला.

माल पुरवणाऱ्या, उद्यम नोंदणी (लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) असलेल्यांना आणखी एक दार आहे. मुदत गेलेलं येणंही सूक्ष्म-लघु उद्योगांच्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे (थकलेल्या येण्याचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळापुढे) समझोत्यासाठी नेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं. समझोता फिसकटून लवाद सुरू झाला की मुदत पुन्हा आडवी येते. मजुरी-माल एकत्र असलेल्या बांधकाम ठेक्यांना सूक्ष्म-लघु उद्योगांचा हा कायदा लागू नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, तेव्हा स्लॅब-प्लास्टरवाल्यांनी यावर फार भिस्त ठेवू नये.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार करून वसुली होईल असं सांगणारे भेटतील. निव्वळ थकलेलं बिल म्हणजे फसवणूक नव्हे.

आणि सगळंच गेलं असं धरण्याआधी वर्क ऑर्डर पुन्हा काढून रिटेन्शनचं (बिलातून राखून ठेवलेल्या रकमेचं) कलम वाचा. ती रक्कम बहुतेक वेळा दोषदायित्वाचा काळ (कामातले दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर देय होते, म्हणजे तिची तीन वर्षं वेगळ्या तारखेपासून मोजायची. फायनल बिल गेलं असलं तरी तेवढा दावा अजून जिवंत असू शकतो.