तांबी बसवायला जाताना: पोटभर खा, मोजे घाला, गप्पिष्ट मैत्रीण न्या

कॉपर-टी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात ठेवायची तांबी, बसवायला टेबलावर पाच-दहा मिनिटं लागतात. त्यात कळ येण्याच्या जागा तीन. त्या आधी माहीत असल्या की अर्धी भीती घरीच राहते.

पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या सात दिवसांतली वेळ घ्या. तेव्हा दिवस गेलेले नाहीत याची खात्री असते. रक्तस्राव चालू असला तरी संकोच नको, डॉक्टरांना त्यात काही नवल नसतं. नवऱ्याची सही लागत नाही, संमती तुमची.

‘ऑपरेशन’ समजून उपाशी जाण्याची चूक बऱ्याच जणी करतात. इथे भूल देत नाहीत, आणि रिकाम्या पोटी चक्कर लवकर येते. पोहे, उपमा, पोळीभाजी, जे रोजचं आहे ते खा. तासभर आधी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम घेता येते. पण दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. लांब कुर्ता किंवा साडी बरी पडते. मोजे विसरू नका, तपासणीच्या खोल्या गार असतात. पिशवीत पॅड ठेवा.

आता सोबत. आत कोणाला घेतात का, ते फोनवर विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यात शेजारी इतर बायका असतात, म्हणून नवऱ्याला सहसा बाहेरच बसावं लागतं. त्यापेक्षा बहीण, जाऊ, मैत्रीण न्या. तिचं काम एकच: बोलत राहणं. दर मिनिटाला ‘दुखतंय का गं?’ नको. ‘पुरणपोळी कशी करतेस, चणाडाळ भिजवण्यापासून सांग’ असं म्हणावं. क्रम लावण्यात लक्ष गुंततं. ‘आमच्या शेजारणीची तांबी पोटात फिरत होती’ छापाच्या गोष्टींना त्या दिवशी सक्त बंदी.

टेबलावर झोपलं की ‘खाली सरका, अजून खाली’ असं किमान तीनदा ऐकू येईल. आता पडतेच, असं वाटतं, पडत नाही. स्पेक्युलमच्या, म्हणजे योनीमार्ग उघडा ठेवणाऱ्या उपकरणाच्या, दांड्याला जागा हवी असते, म्हणून टेबलाच्या कडेपर्यंत यावं लागतं. मनसोक्त हसायचं ते इथेच. पुढे हसू आवरा, कारण पोट हललं की डॉक्टरांचा हात थांबतो. ‘मी हात वर केला की थांबा’ एवढं आधीच ठरवून घ्या.

स्पेक्युलम नुसता गार आणि दाबणारा. पहिला चिमटा गर्भाशयाचं तोंड धरताना बसतो. त्या क्षणी खोकायला सांगतात, खुशाल खोका. दुसरी कळ सळईने गर्भपिशवीची लांबी मोजताना येते. ही पाळीतल्या जोरकस कळेसारखी. लांबी सहसा सहा ते नऊ सेंटिमीटर भरते. सहाहून कमी असेल तर टी नीट मावत नाही. तिसरी कळ टी आत उघडताना. तिन्ही वेळी श्वास रोखू नका, तोंडाने सावकाश सोडा. पायाची बोटं हलवत राहा, म्हणजे मांड्या आवळल्या जात नाहीत. तांबीला खाली दोरे असतात, ते शेवटी कापलेले कळतही नाहीत.

लगेच उठू नका. गर्भाशयाच्या तोंडाला धक्का लागला की काहींची नाडी आणि बीपी उतरतं; घाम येतो, मळमळतं. पाय उंच करून पडून राहिलं की काही मिनिटांत थांबतं. मग कुशीवर वळून उठा. घरी जाताना स्कूटर मैत्रिणीने चालवावी. कार्डावर तारीख आणि प्रकार लिहून घ्या: ३८०ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच.

दोन-तीन दिवस कळा आणि तीन ते सहा महिने जास्त रक्तस्राव अपेक्षित आहे. तांबी सरकून बाहेर आलीच तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत येते, म्हणून पाळीनंतर हात धुऊन, उकिडवं बसून योनीत बोट घालून दोरा चाचपा, ओढू नका. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर काढण्याआधी कडेने दाबून हवा आत जाऊ द्या, नाहीतर ओढीने तांबीही येऊ शकते. चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करून घ्या. ताप, दुर्गंधी स्राव, वाढत जाणारी पोटदुखी, चुकलेली पाळी किंवा हाताला न लागणारा दोरा, यातलं काहीही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता जा. पाळी चुकून पोटात दुखत असेल तर त्याच दिवशी, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिल्याची शक्यता आधी तपासावी लागते.