जड मोटारसायकलला साइडकार: निवड, जोडणी आणि पहिली वळणे

साइडकार, म्हणजे मोटारसायकलच्या बाजूला जोडायची एका चाकाची बैठक, पाहायला गेल्यावर नजर आधी गादीवर आणि समोरच्या काचेवर जाते. खरे तर तपासायला हवेत ते जोडाचे सांधे. साइडकार मोटारसायकलच्या सांगाड्याला किमान चार ठिकाणी पक्की बसली पाहिजे आणि रिकाम्या साइडकारचे वजन मोटारसायकलच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून फार अधिक नसावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. १९० किलोंच्या आसपासच्या बुलेटसाठी ते साठ-पासष्ट किलो होते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने साइडकार डावीकडेच हवी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटारसायकलच्या व्याख्येत सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे. तरीही पैसे देण्यापूर्वी ठाणे किंवा नवी मुंबईच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात (आरटीओ) परवानगी आणि नोंदणीविषयी विचारून घ्यावे. सोसायटीतील दुचाकीच्या जागेत हे वाहन मावणार नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

जोडणीत दोन मापे महत्त्वाची असतात. साइडकारचे चाक पुढच्या बाजूने किंचित आत वळलेले असावे: दोन्हीकडच्या चाकांना सरळ पट्ट्या लावून मोजल्यास पुढचे अंतर मागच्यापेक्षा सुमारे १२ ते २० मिलिमीटर कमी भरावे. शिवाय मोटारसायकल साइडकारपासून बाहेर, म्हणजे उजवीकडे, जेमतेम एक-दोन अंश कललेली ठेवावी. सपाट रस्त्यावर एका गतीने जाताना गाडी सतत डावीकडे ओढत असेल, तर हा कल थोडा वाढवावा. मापे घेताना चालक गाडीवर बसलेला असावा.

चालवण्यात सर्वाधिक घात करते ती मुरलेल्या चालकाची सवय. दुचाकीवर डावे वळण घेताना आपण नकळत हँडलची डावी मूठ पुढे ढकलतो आणि गाडी डावीकडे कलते. साइडकार जोडल्यावर गाडी कलतच नाही, त्यामुळे तीच मूठ ढकलली की गाडी सरळ उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने जाते. हँडल वळणाच्या दिशेनेच, आणि बऱ्यापैकी जोर लावून फिरवावे लागते. वेग वाढवताना गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक लावताना उजवीकडे.

डाव्या वळणावर रिकाम्या साइडकारचे चाक उचलले जाते. म्हणून तिच्यात एकूण ३० ते ४० किलो वाळूच्या गोण्या घट्ट बांधाव्यात, वळणाआधीच वेग उतरवावा आणि शरीर डावीकडे झुकवावे. चाक उचललेच, तर बाजूला जागा पाहून हँडल किंचित सरळ करावे, म्हणजे ते खाली बसते. हा सराव मोकळ्या मैदानावर, माणूस न बसवता करावा. ठाण्याजवळच्या घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटातील वळणे हात बसल्यावरच घ्यावीत.

घोडबंदर रस्त्यावर पावसाळ्यात दुचाकी खड्ड्याच्या कडेने निसटते, पण या गाडीचे तिसरे चाक वेगळ्या रेषेत धावत असल्याने एक खड्डा चुकवताना दुसरा हमखास सापडतो. अशा प्रवासानंतर चारही सांध्यांचे बोल्ट पाना लावून तपासावेत, आणि चाकाचे आतले वळणही पुन्हा मोजावे.