पावसात दोघांनीच कुद्रेमुख करायचं असेल तर

कुद्रेमुखचं शिखर आम्ही दोनदा केलं, दोन्ही वेळा भर पावसात आणि दोन्ही वेळा दोघंच, म्हणजे मी नि नवरा आणि सोबत तिथला गाइड. पहिल्या वेळी शिखर अर्ध्या तासावर असताना परत फिरलो, कारण वरच्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या उघड्या कण्यावर, वाऱ्यात मी इतकी कुडकुडायला लागले की पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. त्याच्या आधीचा तासभर नवरा चांगल्या मनानेच "थोडंच राहिलंय गं" म्हणत होता आणि मी "ठीक आहे" म्हणत होते. दोघांच्या पावसाळी ट्रेकमध्ये सगळ्यात धोकादायक वाक्यं हीच दोन आहेत असं माझं पक्कं मत झालंय, म्हणून पुढचं सगळं लिहितेय.

आधी जागेबद्दल. कर्नाटकात चिक्कमगळूर जिल्ह्यात, कुद्रेमुख नॅशनल पार्कमध्ये. उंची १,८९४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास अडीचशे मीटर जास्त. मुंबईहून कोकण रेल्वेने मंगळूर, मग कारकळमार्गे कळसा गावाच्या बाजूला गाडीने, आणि शेवटचा चिखलाचा रस्ता जीपने मुळ्ळोडीला, तिथून चढ सुरू होतो. होमस्टेवाले जीपचं बघतात. परमिट फॉरेस्टच्या साइटवर आधीच काढा, रोज ठराविकच लोक सोडतात आणि शनिवार-रविवार पटकन भरतो. फार पाऊस झाला की फॉरेस्टवाले ट्रेक बंद ठेवतात, तेव्हा गेटवर वाद घालू नका, एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा. वर मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे जाऊन-येऊन २०-२२ किलोमीटर एकाच दिवसात, सकाळी लवकर निघून.

कपडे. जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट अजिबात नको, कॉटन एकदा भिजलं की दिवसभर अंगाची ऊब खात बसतं. पटकन सुकणारा टीशर्ट, ट्रॅक पँट, वर रेनकोट. पाँचो खाली जंगलात ठीक आहे पण धारेवर वारा त्याचं शीड करतो आणि तोल जातो, छत्री तर विसराच. पावसात भिजणारच आहात हे धरून चाला, कोरडं राहायचं नाहीये, गरम राहायचंय. म्हणून प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर आणि कानटोपी जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. प्रत्येकाच्या म्हणजे प्रत्येकाच्याच. आमची चूक तीच होती, सगळं गरम सामान एकाच मोठ्या सॅकमध्ये, आणि ती सॅक घेऊन नवरा वीस मिनिटं पुढे. पाणी, खाणं, टॉर्च, शिट्टीसुद्धा दोघांकडे वेगवेगळी हवी.

बुटांना ग्रिप महत्त्वाची, ब्रँड नाही. आपल्याकडचे बरेच ट्रेकर वापरतात ते अॅक्शन ट्रेकिंगचे साधे बूट ओल्या दगडावर चांगले धरतात. वॉटरप्रूफ महागड्या बुटात वरून पाणी शिरलं की ते बाहेरही येत नाही.

आता जळवा. जंगलाच्या पट्ट्यात भरपूर असतात, गवतातून आणि पालापाचोळ्यातून चढतात. लीच सॉक्स, म्हणजे जळवांसाठीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, मिळाले तर उत्तम, पँट त्यात खोचायची. सॉक्सवर तंबाखूचं पाणी लावायचा जुना उपायही बरा चालतो. चिकटलीच तर मीठ, लायटर काही नको, त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोकाकडून नख कातडीला लावून सरकवायचं, ती सुटते, मग जाडं टोक सोडवून टिचकीने उडवायची. रक्त बराच वेळ वाहत राहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारं हिरुडिन सोडते, घाबरू नका, धुवून पट्टी दाबून बांधा. दर अर्ध्या तासाला एकमेकांच्या पोटऱ्या, मान, कानामागे बघायचं, इथे दोघं असल्याचा खरा फायदा. आणि बायकांसाठी, लघवीला गवतात बसू नका, मोकळा दगड बघा.

चालताना पुढे कायम हळू चालणारा माणूस ठेवा. पुढे गाइड, मग मी, मग नवरा, हा क्रम दुसऱ्या वेळी ठेवला आणि ट्रेकच बदलला, कारण मागच्याला पुढच्याची चाल दिसते, अडखळणं दिसतं, पुढच्याला मागचं काहीच दिसत नाही, धुक्यात तर दहा पावलांवरचं माणूस गायब होतं. वाटेत आडव्या आलेल्या मुळांवर पाय ठेवायचा नाही, ओलांडायची, ओलं मूळ साबणासारखं असतं. उतरताना छोटी पावलं, गुडघे थोडे वाकलेले, फार निसरडं असेल तर उताराकडे बाजू करून उभं राहून एकेक पाऊल. एकमेकांचा हात धरून उतरणं दिसायला छान पण एक घसरला की दोघं जातात, त्यापेक्षा काठी.

वाटेत ओढे लागतात. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी वर जोराची सर झाली की मांडीला येतो, म्हणून जातानाच पाणी कुठल्या दगडापर्यंत आहे ते बघून ठेवायचं. गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर थांबा, पाऊस थांबला की पाणी बहुतेक वेळा तास-दोन तासात उतरतं. ओलांडताना सॅकचे छातीचे-कमरेचे पट्टे सोडा, तोंड प्रवाहाकडे, वजनदार माणूस वरच्या अंगाला, दुसऱ्याने त्याच्या मागे खांदे धरून, दोघांनी एका वेळी एकच पाऊल. धबधब्याच्या तोंडावर तर कधीच नाही.

मग झाडी संपते, गवताच्या धारा लागतात आणि घळींमध्ये शोलाचं, म्हणजे बुटक्या सदाहरित झाडांचं, दाट जंगल अडकलेलं दिसतं. सकाळी त्या जंगलातून शीळकरी कस्तूर पक्षी शीळ घालतो, पावसात ते ऐकायला मी परत जाईन. पण वारा इथेच सुरू होतो, म्हणून स्वेटर गारठल्यावर नाही, झाडी संपायच्या आधी आडोशाला घालायचा. इथेच खायचं पण. पावसात तहान-भूक कळत नाही आणि मग विनाकारण चिडचिड होते, आमची भांडणं तर सगळी उपाशीपोटीच झाली. दशमी, गूळ-शेंगदाणे, खजूर, थर्मासमध्ये गोड कोरा चहा. ऑक्टोबरच्या बाजूला जात असाल तर दुपारी गडगडाट होतो, तेव्हा धार सोडून खाली या आणि चिकटून न बसता एकमेकांपासून अंतर ठेवा.

आणि ते परत फिरायचं. कुठल्या वेळेला जिथे असू तिथून फिरायचं हे आदल्या रात्री जेवताना ठरवा, गाइडला पण सांगा. दोघांपैकी कोणीही "फिरूया" म्हटलं की फिरायचं, कारण विचारायचं नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. बोलणं अडखळतंय, बोटं चालत नाहीयेत, उगाच गप्प झालंय असं दिसलं तर त्याने म्हणायचीही वाट बघू नका, ओलं काढून कोरडं घाला, गोड चहा द्या, खाली चला.

होमस्टेवर आल्यावर आधी पाय. पाय पुसून बोटांच्या मध्ये कोरडे करा नाहीतर चिखल्या होतात, मांड्या घासल्या असतील तर खोबरेल तेल, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीपासून जरा लांब ठेवा. दुसऱ्या वेळी शिखरावर आम्हाला नुसतं पांढरं धुकं दिसलं, दहा मिनिटं थांबलो, चहा संपवला नि उतरलो.