सुन्न करणारी पट्टी लावताय? या चुका टाळा

नागीण बरी होते, खपल्या गळतात, पण आग मागे राहते. सदऱ्याचं कापड घासलं तरी माणूस कळवळतो. अशा पेशंटला डॉक्टर लिडोकेन या सुन्न करणाऱ्या औषधाची पट्टी लिहून देतात. ५ टक्के लिडोकेन असलेल्या या पट्टीला १९९९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती नागिणीनंतरच्या याच दुखण्यासाठी. आता ती कंबर, मान, गुडघा आणि केळीचे घड वाहून भरून आलेला खांदा, सगळीकडे चिकटवलेली दिसते. मेडिकलच्या काउंटरवर गोळीबद्दल प्रत्येक जण विचारतो, "किती घ्यायची? जेवणाआधी की नंतर?" पट्टीबद्दल कुणी काही विचारत नाही. लावली की झालं!

पण पट्टीलाही मात्रा असते. अंगाचा किती भाग झाकला, किती तास झाकला आणि तो भाग किती तापला, यावर औषध किती आत जाणार ते ठरतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या तीनपैकी एकात मोडतात.

बारा तास म्हणजे बाराच

५ टक्क्यांच्या पट्टीचा नियम सोपा आहे: १२ तास लावायची, १२ तास अंग मोकळं ठेवायचं. एका वेळी जास्तीत जास्त ३ पट्ट्या, त्याही डॉक्टरांनी तेवढ्या सांगितल्या असतील तरच. घरी होतं ते वेगळंच. सकाळी सून पट्टी काढायला जाते आणि आजी म्हणते, "राहू दे वं माय, बरं वाटी ऱ्हायनं." मग ती पट्टी दुपारपर्यंत तशीच, आणि संध्याकाळी शेजारी दुसरी. लावल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवा, म्हणजे हा वाद उरत नाही. मध्येच पट्टी निघाली आणि पुन्हा चिकटवली, तर तास पहिल्यांदा लावली तेव्हापासूनच मोजायचे, नव्याने नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मला रात्रीची वेळ बरी वाटते. संध्याकाळी ७ ला लावावी, सकाळी ७ ला काढून मग आंघोळ करावी. घाम कमी येतो, पट्टी टिकते आणि पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही अशांना झोप लागते. पण ज्यांचं दुखणं दिवसा कामात उफाळतं त्यांनी डॉक्टरांना विचारून दिवसाची वेळ ठरवावी.

"सुन्न झालंच नाही, पट्टी नकली दिसते"

ही तक्रार नेहमीची. दात काढताना इंजेक्शनने गाल जसा मेल्यासारखा होतो, तसं या पट्टीने होत नाही, व्हायलाही नको. ती कातडीतल्या चिडलेल्या नसांना शांत करते. स्पर्श बऱ्यापैकी कळत राहतो. त्यामुळे चिमटा काढून पट्टीची परीक्षा घेऊ नका आणि लागत नाही म्हणून वर दुसरी ठेवू नका. नागिणीनंतरच्या दुखण्यात २ ते ४ आठवडे नियमाने लावून मग डॉक्टरांना दाखवावं. तोवर काहीच फरक नसेल तर डॉक्टर दुसरा उपाय बघतात. गुडघ्याच्या सांध्यात खोलवर झिजेचं दुखणं असेल, तर वरच्या पट्टीकडून फार अपेक्षा धरू नये, हे माझं स्पष्ट मत.

शेक, ऊन आणि पत्रे

खान्देशात सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. आपल्याकडे दुखलं की शेक ठरलेला: गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळलेली तापली वीट, नाहीतर तेल लावून तव्यावर गरम केलेलं रुईचं पान. नुसत्या दुखण्याला शेक घेता तो घ्या, पण पट्टीवर कधीच नाही. उष्णतेने तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि औषध नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. नीट वापरली तर पट्टीतलं जेमतेम ३ टक्के औषध शरीरात जातं. सुरक्षिततेचा सगळा हिशोब त्या ३ टक्क्यांवर आहे. शेक दिला की तो हिशोब कोलमडतो. शिवाय तो भाग थोडा बधिर असल्याने चटका बसलेला उशिरा कळतो, आणि फोड आल्यावर पट्टीला दोष दिला जातो.

पाठीवर पट्टी लावून भर उन्हात कापूस वेचायला किंवा चुलीला पाठ टेकून बसायला हेच लागू. पट्टीवर कंबरपट्टा घट्ट आवळू नये, क्रेप बँडेज गुंडाळू नये. खाली बाम किंवा निलगिरीचं तेल चोळून वर पट्टी लावणारेही आहेत. बामाने आग होते आणि तेलावर पट्टी टिकत नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

आता पट्ट्या ठेवायच्या कुठे? साधारण २५ अंशांवर ठेवा, असं पाकिटावर असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो तेव्हा हे वाचून हसू येतं. तरी पत्र्याच्या घरात माळ्यावर आणि मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. घरातल्या त्यातल्या त्यात गार खोलीत, खालच्या फडताळात, पाकीट घट्ट बंद करून ठेवा. उघडं राहिलेलं पाकीट पट्टी सुकवतं.

लावताना

कातडी अखंड, कोरडी आणि स्वच्छ हवी. नागिणीचे फोड ओले असताना, खपल्या असताना किंवा खरचटलेल्या जागी पट्टी नको. गेरू लावला असेल तर तो पूर्ण धुऊन, अंग वाळू द्या. केस असतील तर कात्रीने कापा. रेझर फिरवलं की बारीक ओरखडे पडतात आणि तिथून औषध जास्त शिरतं. लहान जागेसाठी पट्टी कापता येते, मात्र मागचा कागद काढण्याआधी. थोडी लाली चालते. जळजळ वाढली तर पट्टी काढा आणि कातडी शांत होईपर्यंत पुन्हा लावू नका.

लावून झालं की हात साबणाने धुवा. हे कुणी मनावर घेत नाही. पट्टी लावलेल्या त्याच बोटांनी तळहातावर तंबाखू-चुना मळला आणि ओठाखाली दाबला, की जीभ जड पडते. डोळ्याला बोट लागलं तर भरपूर पाण्याने धुवा आणि डोळ्याची जाणीव परत येईपर्यंत तो चोळू नका.

काढलेली पट्टी

१० बाय १४ सेंटीमीटरच्या पट्टीत ७०० मिलिग्रॅम औषध असतं. १२ तास वापरूनही त्यातलं किमान ६६५ मिलिग्रॅम शिल्लक राहतं. म्हणजे वापरलेली पट्टी ही जवळजवळ भरलेली पट्टीच. ती उकिरड्यावर फेकली आणि कुत्र्याने किंवा शेळीने चघळली, किंवा रांगत्या पोराने तोंडात घातली, तर जिवावर बेतू शकतं. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं. आजीच्या पाठीवरून सुटलेली पट्टी सकाळी नातवाच्या अंथरुणात सापडू शकते. म्हणून उठल्यावर पहिल्यांदा पट्टी जागेवर आहे का ते बघा. काढली की चिकट बाजू आत करून दुमडा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा झाकणाच्या डब्यात टाका.

शेजाऱ्याची "दुखण्याची पट्टी"

दुखण्याच्या सगळ्या पट्ट्या एक नसतात. डायक्लोफिनॅकची वेगळी, मेंथॉलची वेगळी. कॅन्सरच्या पेशंटला मिळणारी फेंटानिलची पट्टी तर अफूच्या जातीतली: ती ३ दिवस अंगावर राहते आणि जिला त्याची सवय नाही अशा व्यक्तीचा श्वास थांबवू शकते. नाव वाचल्याशिवाय कुणाचीही उरलेली पट्टी अंगाला लावू नका.

लिव्हरचा आजार असेल, हृदयाच्या ठोक्यांची गोळी चालू असेल किंवा पूर्वी सुन्न करण्याच्या इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल, तर पट्टी घेण्याआधीच सांगा. कुष्ठरोगाची डॅप्सोन किंवा हिवतापाची प्रायमाक्वीन चालू असेल तरी सांगा. दात काढायला जाताना पट्टी लावलेली असेल तर डेंटिस्टला आधी सांगा, कारण तेही याच प्रकारचं औषध टोचतात.

तोंडाभोवती मुंग्या, जिभेला धातूसारखी चव, कानात आवाज, गरगरणं, धूसर दिसणं, हातपाय थरथरणं: यातलं काही जाणवलं तर पट्टी लगेच काढा, जागा पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना फोन करा. ओठ निळे पडले, झटका आला, नाडी मंद झाली किंवा शुद्ध हरपू लागली तर वाट न बघता १०८ ला फोन लावा आणि दवाखान्यात जाताना पट्टीचं पाकीट सोबत घ्या.