क्लायंटची मशीन दुरून रिस्टार्ट करताना

आयटी सपोर्टमध्ये नवीन लागलेल्याला पहिल्या काही दिवसांतच आरएमएम टूलचा, म्हणजे क्लायंटची मशीन दुरून सांभाळायच्या सॉफ्टवेअरचा, लॉगिन मिळतो. समोर शंभर-दीडशे मशीनची यादी, सगळ्यांवर एकदम टिक करता येते आणि शेजारीच 'रिबूट'. मी तो रिबूट एका रविवारी दुपारी दिला. क्लायंट भोसरीतला सुटे भाग बनवणारा कारखाना. रविवार म्हणजे सुट्टी, असं धरून चाललो. भोसरीत पुष्कळ कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, हे पुण्यात राहूनही सुचलं नाही. टॅलीचा डेटा असलेला सर्व्हरही त्या यादीत होता. अकाउंट्समधल्या ताई व्हाउचर टाकत असतानाच तो बंद झाला. टॅलीतली डेटा दुरुस्तीची सोय, 'रीराईट', वापरूनही कंपनीचा डेटा उघडेना. शेवटी आदल्या रात्रीचा बॅकअप लावला आणि ताईंनी दिवसभराच्या नोंदी पुन्हा केल्या. त्या ओरडल्या नाहीत. "एक फोन करायचात की हो," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून नवीन क्लायंट आला की मी आधी दोन गोष्टी विचारतो: सुट्टी कोणत्या वारी, आणि अकाउंट्सची घाई कधी. मायक्रोसॉफ्टचे पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारे अपडेट, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. दुसरा मंगळवार 8 ते 14 तारखेच्या आतच पडतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, मुदत 11 तारखेला. म्हणजे ज्या आठवड्यात पॅचसाठी आपल्याला रिस्टार्ट हवा, नेमकी त्याच आठवड्यात अकाउंट्सची धावपळ. म्हणून पहिल्या दिवशी दोन-तीन कमी महत्त्वाची मशीन घ्यावीत आणि अकाउंट्सची मशीन रिटर्न भरून झाल्यावर. पण फार लांबवू नका. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिचा पॅच 14 मार्च 2017 ला आला होता, आणि हल्ला झाला 12 मे रोजी. ज्यांनी मधले दोन महिने घालवले त्यांची मशीन गेली.

विंडोजच्या शटडाउन कमांडमध्ये एक खोच आहे, ती मला कुणी सांगितली नव्हती. आपल्याला वाटतं, '/एफ' लिहिलं नाही म्हणजे उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद होणार नाहीत. पण किती वेळाने बंद व्हायचं ते सांगणाऱ्या '/टी' मध्ये शून्यापेक्षा जास्त सेकंद दिले की '/एफ' आपोआप लागू होतो. सेव्ह न केलेलं एक्सेल गेलंच समजा. म्हणून मी 900 सेकंद देतो आणि '/सी' वापरून मराठीत निरोप लिहितो: 'पंधरा मिनिटांत मशीन रिस्टार्ट होईल, काम सेव्ह करा', खाली आपला फोन नंबर. कुणाचा फोन आला तर त्या पंधरा मिनिटांत '/ए' देऊन रिस्टार्ट रद्द करता येतो. हा नंबर लिहायला कधीच चुकू नका.

"मी रोज संध्याकाळी बंद करूनच जातो हो," असं माणूस सांगतो आणि टास्क मॅनेजर अपटाइम, म्हणजे मशीन सलग चालू असल्याचा काळ, तेवीस दिवस दाखवतो. तो खोटं बोलत नसतो. विंडोज 8 पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे 'शट डाउन' केलं तरी कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. 'रिस्टार्ट' दिलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. हे त्याला नीट समजावून सांगा, वाद घालू नका.

मशीन बंद करणं सोपं आहे. ते परत येईल का, हा खरा प्रश्न. सुरू होताना बिटलॉकरचा (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) पिन मागणारा लॅपटॉप रिस्टार्ट झाला की निळ्या पडद्यावर थांबतो, आणि तिथे आपला एजंट, म्हणजे मशीनवर बसवलेला आरएमएमचा प्रोग्रॅम, पोचत नाही. आधी एका रिस्टार्टपुरतं बिटलॉकर सस्पेंड करून ठेवा. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज मशीन कोसळली, तेव्हा हजारो इंजिनीअरना मशीनपाशी जाऊन सेफ मोडमधून ती सदोष फाइल काढावी लागली. कित्येकांचं काम बिटलॉकरचं कुलूप उघडणाऱ्या रिकव्हरी कीपाशी अडलं. या की ज्या सर्व्हरवर ठेवल्यात तोच बंद असेल, तर त्या नसल्यासारख्याच. त्यांची एक प्रत क्लायंटच्या नेटवर्कबाहेर ठेवा.

सर्व्हरना एकदम हात लावू नये. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि डेटाबेस आधी उठू द्या, त्यावर चालणारं सॉफ्टवेअर नंतर. पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर आलं म्हणजे काम झालं असं नाही. सर्व्हिसेस चालू झाल्यात का ते बघा, मग विंडोजच्या सिस्टम लॉगमध्ये 1074 क्रमांकाची नोंद (इव्हेंट) शोधा. रिस्टार्ट कुणी दिला आणि का, ते तिथे दिसतं. 6008 दिसला तर मशीन नीट बंद न होता गेलं होतं, बहुतेक वेळा वीज गेलेली असते. अशा वेळी यूपीएसची बॅटरी कशी आहे ते विचारा.

भोसरीच्या त्या कारखान्याचं काम आता गुरुवारी सकाळी करतो. बुधवारी संध्याकाळी ताईंना फोन करतो, त्या टॅली बंद करून बॅकअप झाल्याचं सांगतात, आणि वॉचमनचा नंबरही देऊन ठेवतात. सर्व्हर उठला नाही तर तिथे जाऊन बटण दाबायला एक माणूस हवा असतो.